आकाशातली बोली आणि तिचा परवाना

आमचे वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव. रस्त्यावरून मालमोटारींची रांग रात्रंदिवस चालू असते, आणि तिच्या पुष्कळ वर दक्षिणोत्तर जाणारी विमाने आपापल्या पांढऱ्या रेघा ओढीत निघून जातात. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून पडले म्हणजे त्यांचे लुकलुकणारे दिवे दिसतात. त्या दिव्यामागे बसलेला मनुष्य या घटकेला कोणाशी बोलत असेल, आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न मला फार वर्षे पडत आलेला आहे. मी आयुष्यभर खेड्यातल्या मुलांना इंग्रजी शिकविले. तेव्हा हे कुतूहल काहीसे व्यवसायजन्यच म्हणावयाचे.

प्रवासी घेऊन जाणाऱ्या मोठ्या विमानाचे सोडून द्या. एखाद्या गृहस्थाला हौसेखातर, भाडे न घेता, स्वतःचे लहानसे विमान चालवावयाचे आहे असे समजा. त्याला खाजगी वैमानिकाचा परवाना लागतो. आपल्या देशात त्यासाठी वय किमान १७ वर्षे, दहावीची परीक्षा उत्तीर्ण आणि निदान ४० तासांचे उड्डाण, अशा मुख्य अटी आहेत. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. म्हणजे पुस्तकी विद्येपुरता तो वैमानिक आणि मी एकाच पायरीवर आहोत, याचे मला थोडे समाधान वाटते! परंतु हा परवाना खिशात आला तरी विमानातील बिनतारी यंत्रावर तोंड उघडण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. त्यासाठी निराळी परीक्षा व निराळा परवाना आहे. आणि आपण बोलतो ती भाषा आकाशात चालण्याजोगी आहे, असा दाखलाही त्याला मिळवावा लागतो. हाताची परीक्षा, डोळ्यांची परीक्षा आणि त्यावर जिभेची व कानाची परीक्षा. ही शेवटची परीक्षा कोठून आली, हे आज सांगावयाचे आहे.

प्रारंभी तसे काहीच नव्हते. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईस वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला. टाटांचा जन्म पॅरिसचा, आई फ्रेंच, बालपणीची भाषाही फ्रेंच. पण हा मनुष्य इंग्रजी कसे बोलतो, हे आकाशात त्याला कोण विचारणार होते? हलक्या विमानात बिनतारी यंत्रच नसे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पस मॉथ जातीच्या एका इंजिनाच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, तेव्हा सगळा प्रवास मुक्याने झाला. खाली किनारा पाहावा, नकाशा पाहावा, होकायंत्र पाहावे आणि पुढे जावे. आकाशात दुसरे कोणी भेटण्याचा संभव इतका थोडा की कोणाशी बोलण्याचे कारणच पडत नसे.

तथापि कायद्याने यापूर्वीच पुढचे पाऊल ओळखले होते. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली पॅरिसला हवाई वाहतुकीचा करार झाला; त्यावर हिंदुस्थानचीही सही होती. त्याच्या चौदाव्या कलमात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दहा किंवा अधिक माणसे नेणाऱ्या सार्वजनिक वाहतुकीच्या विमानात बिनतारी यंत्र असावे, ही एक. आणि ते यंत्र बाळगण्यास राष्ट्राची परवानगी असावी व खास परवाना असलेल्या कर्मचाऱ्यानेच ते चालवावे, ही दुसरी. पुढे ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोला जो मोठा करार झाला, त्याच्या तिसाव्या कलमात हीच तरतूद कायम राहिली. ज्याला आपण आज वैमानिकाचा बिनतारी परवाना म्हणतो, त्याचे मूळ या कलमांत आहे.

परवाना बोलणाऱ्यालाच का, असे कोणी विचारील. आपल्या देशात तर ऐकणाऱ्यालाही परवाना लागत असे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून कोणतेही बिनतारी यंत्र जवळ ठेवणे हा गुन्हा होता, आणि घरातला नभोवाणीचा संच हेही त्यातलेच. आमच्या घरी संच आला तेव्हा त्याबरोबर एक छोटी पुस्तिकाही आली होती. वर्षाचे वर्षाला वडील ती टपालकचेरीत नेऊन पैसे भरीत व तिच्यावर तिकिटे लावून आणीत. गाणे ऐकण्यासाठी सरकारची परवानगी कशाला, असे आम्हा मुलांना वाटे. ऐकणाऱ्याचा तो परवाना ऐंशीच्या दशकात रद्द झाला. बोलणाऱ्याचा मात्र राहिला, आणि तो राहणे योग्यच होते. कारण एका लहरीवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघे एकदम बोलले तर तिसऱ्याला किंकाळीसारखा आवाज तेवढा ऐकू येतो. त्याचा एक भयंकर दाखला पुढे येणार आहे.

बोलणे सुरू झाल्याबरोबर भाषेचा प्रश्न उपस्थित झाला, आणि तो प्रथम उद्भवला इंग्लंड व फ्रान्स यांच्या दरम्यान. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून पॅरिसच्या ल बूर्जेला विमानांची सारखी ये-जा असे. संकटात सापडलेल्या वैमानिकाने काय ओरडावे? जहाजांची 'एस ओ एस' ही खूण ठिपके व रेघा यांच्या तारायंत्री लिपीसाठी उत्तम. तोंडी उच्चारात मात्र 'एस' हे अक्षर खरखरीत हरवून जाते. तेव्हा क्रॉयडनचे बिनतारी अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी 'मेडे' हा शब्द सुचविला. फ्रेंच भाषेत 'मला मदत करा' या अर्थाचे जे शब्द आहेत, त्यांचाच हा इंग्रजी कानाला झेपणारा उच्चार. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत त्याला सर्व राष्ट्रांची मान्यता मिळाली. म्हणजे आकाशातल्या इंग्रजी भाषेतला सर्वांत मोलाचा शब्द मुळात इंग्रजी नव्हेच, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता आमच्या मुलखाकडे येतो. जानेवारी १९४९ च्या अखेरीस रात्रीची हवाई डाक सुरू झाली आणि तिचे मध्यस्थान नागपूर ठरले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या तळावर येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. आमच्या लहानपणी मोठी माणसे त्या विमानांच्या आवाजावरून रात्रीचा अदमास सांगत असल्याचे आठवते. चार दिशांची चार विमाने काळोखात एकाच तळावर एकाच वेळी येत असता, कराची-जुहूचा तो मुका प्रवास चालण्यासारखा नव्हता. कोणी आधी उतरावे, कोणी वर घिरट्या घालीत थांबावे, हे खालून सांगावे लागे. त्या काळी विमानात बिनतारी यंत्र चालविणारा स्वतंत्र मनुष्य असे आणि त्याचे बरेच काम तारायंत्राच्या कटकटाटातच चाले. पुढे तोंडी संभाषणाची यंत्रे सुधारली, त्या माणसाची खुर्ची हळूहळू रिकामी झाली आणि बोलण्याचे काम वैमानिकाच्याच गळ्यात पडले. भाषेची परीक्षा वैमानिकापाशी येऊन ठेपली ती अशी.

पण कोणती भाषा? शिकागोच्या कराराच्या दहाव्या परिशिष्टात पुष्कळ वर्षे एक शिफारस होती. तिचा आशय असा की, आकाशातील संभाषणासाठी अधिक सोयीची सार्वत्रिक वाणी निर्माण होईपर्यंत इंग्रजीचा वापर करावा. म्हणजे इंग्रजीला गादीवर बसविले ते हंगामी म्हणून. ती नवी वाणी काही जन्माला आली नाही, पण इंग्रजीवरच काही संस्कार झाले. अक्षरांना नावे दिली गेली. माँट्रियल विद्यापीठातील भाषाशास्त्राचे अध्यापक झां-पॉल विने यांच्याकडे ते काम होते आणि बऱ्याच दुरुस्त्यांनंतर आजची वर्णमाला १ मार्च १९५६ पासून अमलात आली. 'आल्फा, ब्राव्हो, चार्ली' अशी ती सुरू होते. 'आय' या अक्षराला 'इंडिया' म्हणतात. आपल्या देशाच्या विमानांच्या अंगावर मात्र 'व्ही टी' अशी खूण असते, आणि वैमानिक ती 'व्हिक्टर टँगो' अशी उच्चारतो. या दोन अक्षरांचा अर्थ 'व्हाइसरॉयचा मुलूख' असा लावून पुष्कळ लोक संतापतात. वास्तविक ती आंतरराष्ट्रीय वाटणीत आलेली अक्षरे आहेत.

अंकांचा प्रकार याहून मौजेचा. तीन म्हणावयाचे असता 'थ्री' न म्हणता 'ट्री' म्हणावे, पाचाला 'फाइफ', नवाला 'नाइनर', हजाराला 'टाउ-सँड' म्हणावे, असा नियमच आहे. जिभेचे टोक दातांत धरून काढावयाचा तो इंग्रजी उच्चार जगातल्या बहुसंख्य लोकांना साधत नाही आणि खरखरीत तो ऐकूही येत नाही. 'फाइव्ह' व 'नाइन' हे तर एकमेकांत हमखास मिसळतात. हा नियम मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितला. शेतकऱ्याचा मुलगा, मोठ्या कष्टाने पैसे जमवून उड्डाण शिकावयास गेला होता. सुटीत घरी आला तेव्हा माझ्या ओसरीवर बसून हसत म्हणाला, "सर, तुमी तं आमाले ट्री म्हटल्यावर छडी दाखवत होते न! आता थ्री म्हटलं तं तिकडं दाखवतेत." मी हसलो खरा, पण रात्री झोप आली नाही. दातांत जीभ धरता येत नाही म्हणून किती मुलांना मी वर्गात उभे केले असेल! त्यांतल्या काहींनी पुढे इंग्रजीत तोंडच उघडले नाही.

येथवर संकेत होते, शब्द होते, बिनतारी परवानाही होता. परंतु परवाना घेणाऱ्याला भाषा कितपत समजते, याची मोजणी नव्हती. ती येण्यास माणसे मरावी लागली. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफच्या तळावर दाट धुक्यात दोन बोइंग विमाने धावपट्टीवरच आदळली. ५८३ माणसे गेली. डच विमानाने उच्चारलेल्या एका वाक्याचा अर्थ 'आम्ही उड्डाण करीत आहोत' असा होता. मनोऱ्यातल्या स्पॅनिश नियंत्रकाला तो 'आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत' असा वाटला. त्याने 'थांबा' म्हटले आणि दुसऱ्या विमानानेही 'आम्ही अजून पट्टीवर आहोत' म्हटले, ते नेमके एकाच क्षणी. लहरीवर फक्त किंकाळी उमटली. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचे एक विमान इंधन संपून कोसळले व ७३ माणसे दगावली. इंधन संपत आल्याचे त्या वैमानिकांनी सांगितले होते. पण ज्या ठराविक शब्दाने खालची सगळी यंत्रणा खडबडून जागी होते, तो संकटाचा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही.

आणि मग आपल्याच देशातली ती संध्याकाळ. १२ नोव्हेंबर १९९६. सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ दिल्लीहून ३१२ माणसांनिशी वर चढत होते. कझाकस्तानचे इल्यूशिन ७६ चिमकेंटहून ३७ माणसांनिशी दिल्लीकडे उतरत होते. नियंत्रकाने एकाला १४,००० फुटांवर व दुसऱ्याला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. मध्ये हजार फुटांचे अंतर. समोरून बोइंग येत आहे, इतके मैल दूर आहे, त्याची पातळी एक-चार-शून्य आहे, असेही त्याने कझाक विमानाला कळविले. त्या विमानात जुन्या रिवाजाप्रमाणे बोलण्यासाठी स्वतंत्र बिनतारी अधिकारी होता. त्याच्यासमोर उंची दाखविणारे यंत्र नव्हते. ते वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून पाहावे लागे. ज्यांच्या हातात विमान होते ते मीटरमध्ये उंची मोजण्याला सरावलेले, आणि इंग्रजी त्यांना जेमतेम येई. 'एक-चार-शून्य' हा समोरच्या विमानाचा आकडा त्यांनी आपल्यालाच दिलेली आज्ञा समजून घेतला असावा, असे एक अनुमान आहे. विमान १५,००० वर न थांबता खाली आले. शेवटच्या काही क्षणांत बिनतारी अधिकाऱ्याने चूक ओळखून वर चढण्यास सांगितले. पण तेव्हा वेळ उरलेला नव्हता. हरियाणातील चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमाने पडली. ३४९ पैकी एकही जीव वाचला नाही.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत दोष कझाक विमानाच्या परवानगीवाचून खाली येण्याचा ठरला, आणि त्याच्या कारणांत वैमानिकांचे अपुरे इंग्रजी ज्ञान स्पष्टपणे नोंदले गेले. एवढ्यावरून सारे खापर भाषेवर फोडणे हा अन्यायच होईल. त्या काळी दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या नागरी विमानांना एकच वाट होती, आणि तेथील रडारला विमान कोठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. उंची कळण्याचा मार्ग एकच: विचारणे आणि उत्तरावर विश्वास ठेवणे. म्हणून तर शब्दाला एवढे मोल आले.

या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या १९९८ च्या अधिवेशनात भाषेसंबंधी ठराव झाला. मार्च २००३ मध्ये नियम ठरले, ५ मार्च २००८ ही अंमलाची तारीख पडली, आणि अनेक देशांची तयारी न झाल्यामुळे आणखी तीन वर्षांची, म्हणजे २०११ च्या मार्चपर्यंतची सवलत मिळाली. नियम विमान व हेलिकॉप्टर चालविणाऱ्या सर्वांना, तसेच नियंत्रकांना लागू आहेत; बिनतारी यंत्रावर बोलणारा खाजगी वैमानिकही त्यांतून सुटत नाही. इंजिनावाचून तरंगणारी विमाने व फुगे चालविणाऱ्यांना ही केवळ शिफारस आहे.

परीक्षेची घडण पाहून माझ्यातला मास्तर खूश झाला. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशी सहा अंगे. प्रत्येकाच्या सहा पायऱ्या. चौथी पायरी ही किमान. सहांची सरासरी काढीत नाहीत. ज्या अंगात मनुष्य सर्वांत कच्चा, तीच त्याची पायरी! आपल्या शाळांत गणिताचे गुण मराठीने भरून काढता येतात. येथे ते नाही, कारण आकाशात मनुष्य जेथे कच्चा आहे नेमका तेथेच अडतो. चौथ्या पायरीवाल्याची परीक्षा दर तीन वर्षांनी, पाचवीवाल्याची सहा वर्षांनी पुन्हा घ्यावी, सहावीवाल्याची नको, असा संघटनेचा सल्ला आहे.

उच्चाराच्या रकान्यात काय लिहिले आहे ते मी दोनदा वाचून घेतले. मातृभाषेची छटा उच्चारात राहिली तरी चौथी पायरी मिळते. अट एवढीच की तिने समजण्याच्या आड फक्त कधीकधीच यावे. शिवाय ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनाही संघटनेने बजावले आहे की घरगुती वाक्प्रचार टाळा, सावकाश बोला, ठराविक शब्द सोडू नका. म्हणजे लंडनच्या माणसालाही येथे काही विसरावयाचे आहे आणि वडनेरच्या माणसालाही काही शिकावयाचे आहे.

मग मराठी का नको, असे मनात येतेच. कॅनडात हा वाद फार पेटला होता. क्वेबेकच्या फ्रेंच वैमानिकांनी आपल्या भाषेचा हक्क मागितला. उलट बाजूच्या वैमानिकांनी जून १९७६ मध्ये संप करून विमाने बंद पाडली. चौकशी आयोगाने १९७९ साली निर्णय दिला की दोन भाषांनी सुरक्षिततेला बाध येत नाही, आणि क्वेबेकच्या आकाशात फ्रेंच आली. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही जमिनीवरचे केंद्र जी भाषा नेहमी वापरते ती चालते. मात्र आंतरराष्ट्रीय मार्गांवर मागितल्यास इंग्रजी मिळाली पाहिजे. एखाद्या लहान तळावर एकटेच विमान असेल तर मायबोलीत बोलणारा मनुष्य अधिक लवकर व अधिक नेमके बोलेल, याविषयी मला शंका नाही. अडचण तिसऱ्याची आहे. एका लहरीवर सगळे सगळ्यांचे ऐकत असतात आणि दुसऱ्याला दिलेली आज्ञा कानावर पडल्यामुळेच आपण सावध होतो. नागपूरच्या आकाशात मी मराठीत बोललो तर खालचा नियंत्रक मला समजून घेईल. पण वरून जाणारा केरळचा वा कझाकस्तानचा वैमानिक माझ्यापुरता बहिरा होईल. या मुद्द्यावर माझे मराठीचे प्रेम मी मुकाट्याने आवरते घेतो.

ऐकलेली आज्ञा जशीच्या तशी उलट म्हणून दाखविणे, हा या संभाषणाचा कणा आहे. उंची, दिशा, पट्टीचा क्रमांक, सारे परत म्हणावयाचे. नियंत्रक ते ऐकतो आणि चुकल्यास दुरुस्त करतो. आमच्याकडे पाढे असेच म्हणवून घेत असत. वेदपाठी ब्राह्मण तर पदे उलटसुलट जोडून तोच मंत्र पुनःपुन्हा म्हणत, ते अक्षर गळू नये म्हणूनच. घोकंपट्टीला हल्ली सगळे नावे ठेवतात. विमानविद्येने ठेवलेली नाहीत.

आपल्याकडे बिनतारी संभाषणाची ही परीक्षा अनेक वर्षे दूरसंचार खात्याच्या बिनतारी विभागाकडे होती आणि विमान चालविण्याचा परवाना नागरी विमान महासंचालनालयाकडे. एकाच उमेदवाराने दोन दारे ठोठावावयाची. १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, आणि त्याने ती परीक्षाही महासंचालनालयाकडे सोपविली.

माझा तो विद्यार्थी चौथ्या पायरीवर आहे. तीन वर्षे भरत आली की त्याची पुन्हा परीक्षा. ठराविक वाक्ये त्याला तोंडपाठ आहेत. धास्ती वाटते ती ज्याला ठराविक वाक्यच नाही अशा प्रसंगाची, आणि परीक्षक विचारतो ते तसलेच. म्हणून रविवारी सकाळी तो मला दूरध्वनी करतो आणि मी त्याला एकेक अडचण घालतो. मागच्या रविवारी सांगितले: उतरता उतरता तुला दिसते की धावपट्टीवर रोही उभी आहे, खाली कळव. क्षणभर तो थांबला. रोहीला इंग्रजीत काय म्हणतात, असे त्याने विचारले. मी म्हणालो, इंग्रजीतही नीलगायच म्हणतात, पण तुझ्यामागून येणाऱ्या परदेशी वैमानिकाला ते काय कळणार? मग त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करीत सांगितले की पट्टीवर एक मोठे जनावर आहे, घोड्याएवढे, ते हालत नाही, मी पुन्हा वर जात आहे. त्यात 'घोडा' हा शब्द उच्चारताना त्याचा 'ऑ' पार वऱ्हाडी झाला होता. मी तो दुरुस्त केला नाही.